माइक आणि गळा यांतले अंतर

ध्वनिमुद्रकाच्या हाती असलेल्या साधनांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे अंतर. गायकाच्या ओठांपासून माइक चार इंचांवर आहे की चार फुटांवर, यावर आवाजाचा पोत जितका बदलतो, तितका तो माइकची कंपनी बदलून किंवा संगणकातली महागडी सॉफ्टवेअरे वापरूनही बदलत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सहा डेसिबलने उतरते. बंद खोलीत मात्र भिंतींवरून आणि छतावरून परतणारा आवाज सगळीकडे जवळपास सारखाच पसरलेला असतो. म्हणून माइक जवळ असला की गळा ऐकू येतो, लांब असला की खोली ऐकू येते. स्टुडिओतले मुद्रण काय आणि मैफलीतली ध्वनियोजना काय, दोन्ही कामांचे मूळ इथे आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत यंत्रे अनेकदा बदलली. दर वेळी हे अंतर नव्याने ठरवावे लागले, आणि गाणाऱ्यांनी त्याला धरून आपले गाणेही बदलले.

एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ केला. पुढे दहा वर्षांनी एमिल बर्लिनरने सपाट तबकडीची कल्पना पुढे आणली. भारतात हे तंत्र व्यापाराच्या वाटेने आले. ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा फ्रेड गायसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्यात दाखल झाला आणि त्याच नोव्हेंबरात त्याने गौहर जानच्या तबकड्या मुद्रित केल्या. या मुद्रणात विजेचा काही संबंध नव्हता. गायिकेने एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडात गायचे. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाला बसवलेला पातळ पडदा हलायचा आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या तबकडीवर नागमोडी चर कोरायची. पडदा हलवण्याची सगळी ताकद गळ्यातूनच यायची, म्हणून आवाज मोठा आणि टोकदार लागे. तारसप्तकात जोर लावताना मान किंचित मागे घ्यायची, मंद्रात पुन्हा कर्ण्याजवळ जायचे, ही कसरत गायकाला गाता गाता करावी लागे.

एवढे करूनही कर्ण्याला ऐकू येई ते थोडेच. साधारण २५० ते २५०० हर्ट्झ एवढाच पट्टा तबकडीवर उतरत असे. पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज त्याच्या बराच खाली, ७० हर्ट्झच्या आसपास बोलतो. डग्ग्याची घुमारीही तिथेच. त्यामुळे त्या काळच्या तबकड्यांवर डग्गा जवळजवळ ऐकूच येत नाही आणि तानपुरा असल्याचे फक्त जाणवते. जुन्या पिढीतले गायक चिरक्या आवाजात गात, असा समज या तबकड्यांवरून अनेकांनी करून घेतला. त्यातला मोठा वाटा कर्ण्याचा आहे. मूळ मेणाच्या तबकड्या छपाईसाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात, आणि तिथल्या कामगारांना ओळख पटावी म्हणून गौहर जान गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव सांगे. कंपनीने कलकत्त्यात स्वतःचा कारखाना काढला तो १९०८ मध्ये.

दुसरी अडचण वेळेची. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत. तासभर राग मांडणाऱ्याला हे म्हणजे हात बांधून गायला बसवणेच. विलंबित ख्याल तबकडीवर आला तो ओळखीपुरता. द्रुत बंदिशी, ठुमऱ्या आणि नाट्यपदे यांना मात्र हे माप चांगले मानवले. रंगभूमीवर वन्समोअर घेत अर्धा तास रंगणारे पद तबकडीसाठी आटोपशीर करण्याची कला नाट्यसंगीताच्या गायकांनी फार लवकर साधली. या सक्तीला केवळ नुकसान म्हणणे योग्य नाही. तीन मिनिटांत रागाचे रूप उभे करायचे तर पाल्हाळाला जागा उरत नाही, आणि अब्दुल करीम खाँ किंवा केसरबाई केरकर यांच्या तबकड्या ऐकताना कशाची उणीव वाटत नाही. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. तीही साडेतीन मिनिटांच्या आसपासचीच.

१९२५ मध्ये विजेवर चालणारा माइक मुद्रणात आला आणि गायकाला कर्ण्यात ओरडण्याची गरज संपली. आता पडदा केवळ इशारा देई, ताकद व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून येई. कुजबुजही मुद्रित होऊ लागली. अमेरिकेत बिंग क्रॉस्बीसारख्या गायकांनी याचा फायदा घेऊन कानाशी बोलल्यासारखी गायकी घडवली. महाराष्ट्रात भावगीत बहरले तेही तबकडी आणि रेडिओच्या याच काळात, १९३०च्या दशकात. जी. एन. जोशी आणि गजानन वाटवे यांची गाणी खुल्या रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत फेकायच्या आवाजासाठी बांधलेलीच नाहीत. शब्द कानाशी येऊन बोलतो, श्वास ऐकू येतो, ओळीचा शेवट हलकेच सोडून देता येतो. माइक नसता तर हा गानप्रकार दिवाणखान्याबाहेर पडला नसता. यातले जोशी पुढे एचएमव्ही कंपनीत अधिकारी झाले आणि अनेक नामवंत शास्त्रीय गायक-वादकांचे मुद्रण त्यांच्या देखरेखीखाली झाले. गायकाची भीड ओळखणारा माणूस काचेच्या पलीकडे असणे किती मोलाचे असते, हे त्यांच्या आठवणींच्या पुस्तकातून कळते.

माइकचा एक गुण मात्र कर्ण्यात नव्हता. समोरून ऐकणारा आणि मागून बहिरा असलेला, म्हणजे एकदिशी माइक तोंडाच्या अगदी जवळ नेला की खालचे स्वर फुगतात. निवेदकाचा आवाज भारदस्त होतो तो बऱ्याचदा यामुळे. गायकाने ही गोष्ट जाणून वापरली तर ती अलंकार ठरते. नकळत घडली तर खर्जात आवाज गढूळ होतो, आणि तान घेताना डोके हलले की प्रत्येक स्वराचा रंग वेगळा लागतो. ख्यालगायकासाठी स्टुडिओत माइक साधारण फूटभर लांब, ओठांच्या किंचित वर किंवा बाजूला ठेवतात. त्यामुळे फुगवटा टळतो आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ या अक्षरांबरोबर सुटणारा वाऱ्याचा फटका थेट पडद्यावर बसत नाही.

मुंबईतल्या चित्रपटगीतांच्या मुद्रणात अंतराची ही विद्या कळसाला पोचली. १९५० आणि ६०च्या दशकांत साठ-सत्तर वादकांचा ताफा, कोरस आणि गायक एकाच वेळी गात-वाजवत, आणि गाणे तिथल्या तिथे एकाच मोनो पट्टीवर मिसळून जाई. नंतर सुधारायला काही उरत नसे. चौथ्या मिनिटाला एखाद्या व्हायोलिनचा स्वर हुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून सुरुवात करायची. मिक्सरवर चॅनेल मोजके असत, म्हणून वाद्यांचा तोल बसायच्या जागांवरून साधला जाई: ढोलकी कोपऱ्यात, पितळी वाद्ये मागे, बासरीवाला माइकजवळ, त्याची ओळ संपताच तो दोन पावले मागे. मिनू कात्रक, रॉबिन चटर्जी, आर. कौशिक या ध्वनिमुद्रकांची नावे श्रेयनामावलीत क्षणभर दिसून जात. पण आजही रेडिओवर ती गाणी स्वच्छ वाजतात ते त्यांच्या कानांमुळे. ‘महल’ (१९४९) चित्रपटातल्या ‘आएगा आनेवाला’ या गाण्याची हकिकत लता मंगेशकरांनी मुलाखतींत सांगितली आहे. दुरून जवळ येणाऱ्या आवाजाचा भास हवा होता. तेव्हा माइक खोलीच्या मध्यभागी ठेवला आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात, पावले मोजत माइककडे आल्या. आज हाच परिणाम मिक्सरवरची एक पट्टी सरकवून मिळतो, पण चालत येणाऱ्या गळ्याबरोबर खोलीचा प्रतिध्वनी जसा हळूहळू मागे सरतो तसा तो पट्टीने सरत नाही.

चुंबकीय टेप जर्मनीत १९३०च्या दशकात तयार झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती अमेरिकेत पोचली आणि १९४७ मध्ये बिंग क्रॉस्बीचा रेडिओ कार्यक्रम टेपवर मुद्रित होऊ लागला. टेपने दोन गोष्टी दिल्या. ती कापून जोडता येई आणि तिच्यावर शेजारी शेजारी अनेक वाटा म्हणजे ट्रॅक ठेवता येत. एकट्याने अनेक गिटारी वाजवून मुद्रित करण्याची हौस असलेल्या लेस पॉल या गिटारवादकाने १९५७ मध्ये आठ ट्रॅकचे यंत्र घेतले. मुद्रण हे घडलेल्या गाण्याचे छायाचित्र असते, ही समजूत इथे ढासळली.

पुढची कथा बीटल्स या इंग्लिश बँडची आहे. १९६५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांवर प्रेक्षकांपुढे ते गायले. आवाज पोचवायला होती ती मैदानातली, खेळाच्या सूचना देण्याची यंत्रणा. मंचावर गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारे मॉनिटर नव्हते. किंकाळ्यांत त्यांना एकमेकांचे वाजवणे ऐकू येत नव्हते. वर्षभराने, १९६६ च्या ऑगस्टमध्ये, त्यांनी दौरे बंद केले आणि ते स्टुडिओत शिरले. त्याच वर्षअखेरीच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ या गाण्याची दोन मुद्रणे बँडमधल्या जॉन लेननला आवडली, एकाची सुरुवात आणि दुसऱ्याचा पुढचा भाग. पंचाईत अशी की दोन्हींची लय वेगळी आणि सूरही वेगळा. निर्माता जॉर्ज मार्टिन आणि विशीतला ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी एका टेपचा वेग वाढवला आणि दुसरीचा उतरवला. टेप जलद फिरली की सूर आणि लय दोन्ही चढतात, म्हणून एकाच फेरफाराने दोन्ही गोष्टी जुळल्या. गाण्याच्या पहिल्या मिनिटाच्या शेवटी हा सांधा आहे. माहीत असल्याशिवाय तो सहसा सापडत नाही. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड याने तर १९६४ मध्येच मैफली कायमच्या सोडल्या होत्या. उत्तम वादन स्टुडिओतच शक्य आहे, असे त्याचे मत होते. ते एकांगी आहे, पण खोटे म्हणता येत नाही.

मराठीत उलट दिशेचा प्रवास दिसतो. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक, अशा ५६ गीतांत प्रसारित झाले. रेडिओवर निरनिराळ्या पात्रांची गीते निरनिराळ्या गायकांनी गायली. पुढे फडके ती सगळी एकट्याने मंचावरून गाऊ लागले. स्टुडिओत जन्मलेली गाणी मैफलीत वाढली, आणि अनेकांच्या कानांत आज बसलेले आहे ते फडक्यांच्या आवाजातले ‘गीतरामायण’.

अनेक ट्रॅकची सोय झाल्यावर स्टुडिओतली माणसे एकमेकांपासून दूर गेली. तालवादक सोमवारी वाजवून जातो, गायिका गुरुवारी कानाला हेडफोन लावून गाते, द्वंद्वगीतातले दोघे एकमेकांना भेटतही नाहीत. सगळ्यांना एकत्र बांधतो तो हेडफोनमधला क्लिक, म्हणजे ठोके देणारा यांत्रिक आवाज. चित्रपटगीताला हे चालून जाते. हिंदुस्थानी संगीताला चालत नाही. इथे लय जिवंत असते, बढत होते तशी ती चढते, तबलजी समेच्या अलीकडे गायकाच्या चेहऱ्याकडे पाहतो. त्याला काचेच्या खोलीत बसवले तर मुद्रण स्वच्छ होते आणि गाणे मरते. म्हणून जाणते ध्वनिमुद्रक शास्त्रीय गायनासाठी सगळ्यांना एकाच खोलीत, एकमेकांना दिसतील असे बसवतात. तबल्याचा थोडा आवाज गायकाच्या माइकमध्ये येणार, हे ते मान्य करतात.

तो आवाज किती यावा, याला मात्र शिस्त आहे. एकच ध्वनी दोन माइकांवर वेगवेगळ्या क्षणी पोचला की काही स्वर एकमेकांना खोडून टाकतात आणि आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो. उपाय पुन्हा अंतराचाच: माइक आपल्या गायकापासून एक फूट असेल तर शेजारचा माइक निदान तीन फूट लांब हवा. असे मुद्रण करताना नंतर एकट्या गायकाची चूक पुसता येत नाही, कारण ती तबल्याच्या माइकमध्येही गेलेली असते. ही किंमत मोजण्यासारखी आहे.

चुका पुसण्याचे सर्वांत गाजलेले यंत्र म्हणजे ऑटोट्यून. अँडी हिल्डेब्रँड हा त्याचा जनक तेलकंपन्यांसाठी भूगर्भातून परतणाऱ्या कंपनांचे विश्लेषण करत असे. तेच गणित त्याने गळ्याला लावले आणि १९९७ मध्ये ऑटोट्यून बाजारात आले. दुसऱ्याच वर्षी शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ या गाण्याने त्याचा यंत्रमानवी आवाज जगभर पोचवला. हे सॉफ्टवेअर गायकाचा स्वर मोजते आणि जवळच्या ठरावीक स्वराकडे ओढते. ठरावीक स्वर म्हणजे पियानोचे सारख्या अंतराचे बारा. दरबारी कानड्यातला कोमल गंधार पियानोच्या पट्टीवर बसत नाही. तो खाली उतरलेला असतो, डोलतो, आणि त्या डोलण्यातच दरबारी असतो. ऑटोट्यूनला ते आंदोलन चूक वाटते. मींड त्याला पायऱ्या चुकलेला जिना वाटते. सुधारणेचा वेग अगदी कमी ठेवून, स्वरांची पट्टी हाताने बांधून ते वापरता येते. पण तेवढी मेहनत करण्यापेक्षा गायकाला ती ओळ पुन्हा गायला सांगणे सोपे. हार्मोनियमच्या बाबतीत हाच वाद आधी होऊन गेला आहे. याच कारणासाठी आकाशवाणीने त्या पेटीला १९४० पासून तीन दशके दाराबाहेर ठेवले होते. पेटी टिकली, कारण वाजवणाऱ्यांनी तिला गळ्यामागे चालायला शिकवले.

मैफलीत सगळे गणित उलटे होते. स्टुडिओत माइकसमोर स्पीकर नसतो, मंचावर असतो. माइकने उचललेला आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो, आणि क्षणात सभागृहभर शिट्टी वाजते. ही शिट्टी टाळायचे मार्ग थोडे आहेत: माइक गळ्याच्या जवळ आणा, स्पीकर माइकपासून लांब न्या, चालू माइकांची संख्या कमी ठेवा, आणि ज्या स्वराला शिट्टी लागते तो इक्वलायझरवर थोडा कापा. कार्यक्रमाआधी सभागृह रिकामे असताना आवाज मुद्दाम शिट्टीपर्यंत चढवून असे दोन-चार स्वर शोधून कापतात. १९७४ मध्ये ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडने वादकांच्या पाठीमागेच स्पीकरांची प्रचंड भिंत उभी केली, म्हणजे वादक आणि श्रोते एकच आवाज ऐकतील. मग शिट्टीचे काय? प्रत्येक गायकापुढे दोन माइक, एकमेकांच्या उलट जोडलेले. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखा शिरे आणि खोडला जाई, गायक मात्र एकातच गाई. युक्ती चालली, पण भिंत वाहून नेण्याचा खर्च झेपेना आणि त्याच वर्षी ती मोडली.

आपल्याकडच्या मैफलीतली नेहमीची दुखणी मॉनिटरपासून सुरू होतात. गायकापुढे जमिनीवर ठेवलेल्या त्या स्पीकरमधून त्याला स्वतःचा आवाज आणि तानपुरा हवा असतो. गाता गाता गायक तर्जनी वर करतो: आवाज वाढवा. मग तबलजीला स्वतःचे ऐकू येत नाही, तो खूण करतो. पेटीवाला मागे राहत नाही. पाच-दहा मिनिटांत मंचावरचा गोंगाट इतका चढतो की सगळे माइक तोच उचलतात आणि पुढच्या रांगांना चिखल ऐकू येतो. अनुभवी ध्वनियोजक अशा वेळी वाढवत नाही. गायकाला तानपुरा हवा असेल तर तो गायकाच्याच मॉनिटरमधला तबला हळूच उतरवतो. तानपुरा आपोआप वर येतो आणि गायक समाधानाने मान हलवतो.

सभागृहाचा स्वभावही सांभाळावा लागतो. भाषणाला साधारण एक सेकंद प्रतिध्वनी पुरतो, पाश्चात्त्य वाद्यवृंदाला दोन सेकंद हवेसे वाटतात. वॉलेस सॅबिनने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हे मोजायचे सूत्र दिले. आपल्या गाण्याला या दोन्हींच्या मधले काहीतरी लागते. पण महाराष्ट्रातली बहुतेक नाट्यगृहे संवाद ऐकू यावेत म्हणून कोरडी आहेत, त्यामुळे मिक्सरवरून थोडा कृत्रिम घुमार घालतात. तो थोडाच असावा. तानेतला प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येईनासा झाला की घुमार जास्त झाला, एवढी साधी कसोटी पुरे.

मैदानात घुमार नाही, पण अंतर आहे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये सुरू केला. रमणबागेच्या मैदानात तो वर्षानुवर्षे हजारो श्रोत्यांपुढे होत असे. एवढ्या जमावात मंचाजवळचे स्पीकर मागे पोचतील इतके वाढवले तर पुढच्यांचे कान बसतात, म्हणून मैदानाच्या मध्यात आणखी स्पीकर उभारतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तारेतली वीज मात्र तत्क्षणी पोचते. ३४ मीटरवरचा स्पीकर तसाच सोडला तर तो मंचाच्या आधी दशांश सेकंद बोलतो आणि प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. म्हणून त्याला तेवढा विलंब देतात आणि वर दहा-पंधरा मिलिसेकंद जास्त. आवाज प्रथम ज्या दिशेने येतो त्याच दिशेला कान तो बसवतो. हेल्मुट हास याने १९४९ मध्ये हे दाखवून दिले. त्या जादा विलंबामुळे शेजारी स्पीकर असूनही गाणे मंचावरूनच आल्यासारखे वाटते. फ्रान्समध्ये १९९२ मध्ये आलेल्या, एकाखाली एक टांगलेल्या स्पीकरांच्या लाइन अ‍ॅरेने आवाज उभ्या दिशेत आवळून दूर फेकता येऊ लागला आणि मैदानांचे काम बरेच सोपे झाले.

हवा मात्र कोणाच्या ताब्यात नाही. दुपारी जमिनीलगतची हवा तापलेली असते आणि आवाज वर वळून निसटतो. हिवाळ्यात रात्री जमीन गार पडली की तो खाली वाकतो आणि गल्ल्या ओलांडून जातो. दुपारच्या साऊंड चेकमध्ये जुळवलेले सगळे रात्री नवाला पुन्हा तपासावे लागते. आणि नवानंतर फार वेळही नसतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आली. सरकारने सूट दिलेल्या मोजक्या दिवशीही मुभा मध्यरात्रीपर्यंतच असते, त्यामुळे पूर्वीसारख्या उघड्यावरच्या रात्रभराच्या मैफली संपल्या. झोपणाऱ्यांच्या दृष्टीने नियम योग्यच आहे. त्याची किंमत मध्यरात्रीच्या रागांनी मोजली.

मैफल मुद्रित करायची तर सर्वांत सोपा दिसणारा मार्ग सर्वांत फसवा आहे: मिक्सरमधून एक वायर काढून रेकॉर्डरला जोडणे. लहान सभागृहात तबला मुळातच खणखणीत ऐकू येतो, म्हणून तो स्पीकरमधून जवळजवळ दिलेलाच नसतो. घरी येऊन ऐकावे तर गायकाचा आवाज नाकाशी आणि तबला शेजारच्या वाड्यात. श्रोत्यांची दाद तर नाहीच. योग्य रीत म्हणजे प्रत्येक माइक स्वतंत्र ट्रॅकवर घ्यायचा आणि सभागृहात दोन माइक श्रोत्यांच्या बाजूने ठेवायचे. तेही जमत नसेल तर चौथ्या-पाचव्या रांगेत चांगल्या जोडमाइकचा एक छोटा रेकॉर्डर ठेवावा. तो मिक्सरच्या वायरीपेक्षा खरी मैफल टिपतो.

तबकडीची जुनी, वेळेची अडचण सोडवून लांब रागदारीला जागा दिली ती १९४८ मध्ये आलेल्या एलपीने, एका बाजूला वीसेक मिनिटे. अली अकबर खाँ यांची १९५५ ची अमेरिकेत निघालेली तबकडी या वाटेवरची पहिली. कॅसेटने १९८०च्या दशकात गाणे गावोगाव आणि बसगाड्यांत पोचवले, गुणवत्तेचा बळी देऊन. १९८२ मध्ये सीडी आली. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजायचा आणि प्रत्येक मोजणी १६ बिटांत लिहायची, ही तिची रीत. माणसाच्या कानाचा पट्टा जेमतेम २० हजार हर्ट्झपर्यंत जातो. त्याच्या दुपटीहून थोडे जास्त वेळा मोजले की काही सुटत नाही.

सीडीवर हळूपासून मोठ्यापर्यंत सुमारे ९६ डेसिबलची जागा होती. ती मिळाल्यावर पाश्चात्त्य पॉपवाल्यांनी जे केले ते चमत्कारिक होते. शेजारच्या गाण्यापेक्षा आपले मोठे वाजावे म्हणून त्यांनी कॉम्प्रेसरने सगळे हळू स्वर वर उचलले. मेटॅलिका या बँडची २००८ ची ‘डेथ मॅग्नेटिक’ ही सीडी इतकी दाबलेली निघाली की व्हिडिओ गेममध्ये आलेली तीच गाणी चाहत्यांना अधिक मोकळी वाटली. स्ट्रीमिंग सेवा आता सगळी गाणी सारख्या पातळीवर आणतात, त्यामुळे या चढाओढीत अर्थ उरलेला नाही. तरी सवय जात नाही. आलापाची सुरुवात आणि झाल्याचा शेवट एकाच उंचीवर आणणारी शास्त्रीय संगीताची मुद्रणे आजही निघतात. मोटारीत ऐकणाऱ्याची ती सोय असते. रागाची वाट मात्र सपाट होते.

ताजे तंत्र मिसळलेल्या आवाजातून एकेक आवाज वेगळा काढण्याचे आहे. लेननच्या जुन्या घरगुती कॅसेटवरचा गळा पियानोपासून असा सोडवून बीटल्सचे ‘नाऊ अँड देन’ हे गाणे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मोनो पट्टीतल्या मराठी गाण्यांवर आणि खासगी मैफलींच्या टेपांवर हे तंत्र उद्या सर्रास चालेल. टेपची सरसर काढायला ते वापरावे. गायकाच्या आवाजाखाली नवा ठेका बसवायला वापरू नये.

पण आधी टेप शिल्लक हवी. पुण्या-मुंबईत, बेळगाव-धारवाडकडे, गोव्यात अनेक घरांच्या माळ्यावर मैफलींची स्पूल आणि कॅसेटी पडून आहेत. टेपवरचा चुंबकी थर दमट हवेत सुटतो, काही टेपा चिकट होतात. अशी टेप जुन्या यंत्रावर एकदा वाजवून पाहावी म्हणून लावली तर तेच तिचे शेवटचे वाजणे ठरू शकते. टेपा कोरड्या, थंड जागी, लाउडस्पीकरपासून लांब उभ्या ठेवाव्यात. जाणकाराकडूनच त्यांची प्रत करून घ्यावी, आणि ती एमपी-थ्री नव्हे, तर २४ बिटांच्या, शक्य तर ९६ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्ये. ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. गायक कोण, साथीला कोण, राग कोणता, गाव आणि तारीख काय, हे घरातल्या ज्येष्ठांना अजून आठवत असेल तर ते आजच विचारून खोक्यावर लिहून ठेवावे.